मदत हवी आहे : भोर घाटाचे कडे गुळगुळीत होतायत

मंडळी, ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरसाठी कर्जत–लोणावळा मार्ग बनवतोय. एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीचा) दर ३० मीटरचा डेटा घेतला, पण सिम्युलेटरच्या टाइलला (जमिनीच्या चौकोनी तुकड्याला) दर ८ मीटरला उंची लागते. मधले बिंदू सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि सह्याद्रीच्या उभ्या कड्यांची टेकाडं होतात! १:३७ चा चढ नीट आखला, तर मंकी हिलच्या आसपास रूळ कुठे डोंगरात घुसतात, कुठे हवेत लोंबकळतात. त्यात दाट रानात रडारने जमिनीऐवजी झाडोराच मोजलाय. (तीन रविवार यातच गेले, घरचे आता विचारतही नाहीत.)

इस्रोच्या भुवन या नकाशा-संकेतस्थळावरचा कार्टोडेम (कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा डेटा) घाटासाठी कुणी वापरलाय का? फरक पडतो? की टोपोशीटवरच्या (सर्वेक्षण नकाशावरच्या) समोच्च रेषा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानेच गिरवू?