वेतन, यंत्रे आणि खुला व्यापार: श्रमाची मागणी नेमकी कशी बदलते?

प्रश्न

मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवते. वेतन वाढले की श्रमाची मागणी घटते, हे फळ्यावर वक्र काढला की त्यांना लगेच पटते. परंतु यंत्रे आणि जागतिकीकरण हे विषय निघाले की वर्गात दोन तट पडतात. यंत्र माणसाच्या हातचे काम काढून घेते, तेव्हा मागणी घटणारच, असे काही जण म्हणतात. दोनशे वर्षे यंत्रे वाढत गेली तरी काम करणारी माणसेही वाढतच गेली, याकडे इतर जण बोट दाखवतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि नेमके म्हणूनच उत्तर देताना अडखळायला होते. या तिन्ही गोष्टी एका सूत्रात मांडता येतील का?

प्रतिसाद १

श्रमाची मागणी ही परोक्ष मागणी असते, हेच ते सूत्र. मालक माणसे कामावर घेतो, कारण त्यांनी तयार केलेल्या मालाला गिऱ्हाईक असते. म्हणून कोणताही बदल झाला की दोन प्रश्न विचारावेत: एक नग तयार करायला आता किती कमी श्रम लागतात, आणि माल स्वस्त झाल्यामुळे किती अधिक नग खपतात? यंत्राने श्रम निम्मे झाले, पण खप तिपटीने वाढला, तर माणसे अधिकच लागतील. खप जेमतेम वाढला, तर माणसे घरी बसतील.

अमेरिकेतील बँकांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. एटीएममुळे शहरी भागातील सरासरी शाखेला लागणारे रोखपाल 1988 ते 2004 या काळात 20 वरून 13 वर आले; मात्र शाखा चालवणे स्वस्त झाल्याने आणि शाखाविस्तारावरील निर्बंधही सैल झाल्याने शहरी शाखांची संख्या 43 टक्क्यांनी वाढली, त्यामुळे एकूण रोजगार कोसळला नाही. शेतीत याच्या उलट घडले. धान्य स्वस्त झाले म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही, त्यामुळे यंत्रांनी वाचवलेले श्रम शेतीबाहेरच जावे लागले. आपल्या वर्गातील दोन्ही गट बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या बाजारपेठांविषयी बोलत आहेत.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, पण वेतनाचा वक्र विद्यार्थ्यांना लगेच पटतो, याचीच मला काळजी वाटते. 1 एप्रिल 1992 रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील फास्ट फूडच्या दुकानांची शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील दुकानांशी तुलना केली, तेव्हा 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोजगार घटल्याचे आढळले नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे 2021 मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले. या निष्कर्षाचे एक स्पष्टीकरण असे, की जेथे मालक मोजके असतात तेथे ते श्रमिकाला त्याच्या सीमान्त उत्पादकतेपेक्षा, म्हणजे आणखी एक माणूस घेतल्याने उत्पादनात पडणाऱ्या भरीच्या किमतीपेक्षा, कमी वेतन देऊ शकतात, आणि अशा ठिकाणी कायद्याने वेतन काही मर्यादेपर्यंत वाढवले तरी माणसे कमी होत नाहीत. ती मर्यादा ओलांडली की मात्र फळ्यावरचा वक्र लागू पडतो, आणि महागलेल्या श्रमाऐवजी यंत्र घेणेही मालकाला परवडू लागते.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनःपूर्वक आभार. मग खुल्या व्यापारातही एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो, असेच शिकवावे का?

प्रतिसाद ३

कृपया तसे शिकवू नका. देशाच्या एकूण उत्पन्नाविषयी ते खरे ठरू शकेल, पण ज्याचे काम गेले त्याच्याविषयी अनेकदा ठरत नाही. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेच्या कारखान्यांत 2000 साली सुमारे 1 कोटी 70 लाख लोक काम करत होते. 2010 च्या सुरुवातीला ते सुमारे 1 कोटी 15 लाख उरले. यात यंत्रांचा आणि 2008 च्या मंदीचाही वाटा आहे. तरीही ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवले, की आयातीची झळ ज्या भागांना अधिक बसली तेथे बेरोजगारी वाढली आणि वेतन खालावले. पाठ्यपुस्तकातला श्रमिक काम गेले की दुसऱ्या गावी जातो. प्रत्यक्षात घर, म्हातारे आई-वडील आणि एकाच कामात मुरलेला हात त्याला जागेवर धरून ठेवतात.

आणखी एक गोष्ट वक्रातूनच दाखवता येईल. पर्याय जितका सहज उपलब्ध, तितकी श्रमाची मागणी अधिक लवचीक असते, म्हणजे वेतन थोडे वाढले तरी मागणी बरीच घटते. जागतिकीकरणाने मालकाला परदेशातील कामगाराचा पर्याय दिला आणि तंत्रज्ञानाने यंत्राचा. त्यामुळे एकही माणूस कमी न होताही वेतनवाढ मागणाऱ्याची बाजू दुबळी होते, कारण कारखाना हलवण्याची नुसती शक्यता पुरेशी असते. फळ्यावर एक उभट आणि एक पसरट असे दोन मागणी वक्र काढा, दोन्हींवर वेतन सारखेच वाढवा, आणि किती माणसे कमी होतात ते विद्यार्थ्यांनाच मोजायला सांगा.