गे बारच्या आठवणींना सामाजिक इतिहास म्हणता येईल का?

मुग्धा:
जेरेमी ॲथर्टन लिन यांचे 2021 साली प्रसिद्ध झालेले 'गे बार' वाचून संपवले. लंडन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील बारमध्ये लेखकाने घालवलेल्या रात्री आणि त्या जागांचा पूर्वेतिहास, असे हे दुपदरी आत्मकथन आहे. माझ्या मते या विषयाचा इतिहास आत्मकथनातूनच नीट उभा राहतो, कारण समलिंगी संबंध गुन्हा मानले जात होते त्या काळातील बारविषयी दफ्तरी उरलेले कागद बहुतेक पोलिसांचे आणि न्यायालयांचे आहेत. लॉस एंजेलिसमधील ब्लॅक कॅट टॅव्हर्नमध्ये 1967 साल उजाडत असताना साध्या वेशातील पोलिसांनी छापा घातला आणि नववर्षाच्या स्वागताला एकमेकांचे चुंबन घेणाऱ्या पुरुषांना मारहाण करून पकडले. कागदावर उरला तो त्यांचा 'अश्लील वर्तना'चा गुन्हा. तिथे येणाऱ्यांना ती जागा का हवीशी वाटे, हे नोंदवणे पोलिसांचे काम नव्हते.

विनायक:
मुग्धाताई, आपले उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. लेखक त्या छाप्याच्या वेळी तिथे नव्हता. त्यालाही ती हकीकत जुन्या कागदांतूनच घ्यावी लागली. शिवाय बारची आठवण त्याचीच, ज्याला आत प्रवेश मिळाला. वेस्ट हॉलीवूडच्या 'स्टुडिओ वन' या प्रसिद्ध डिस्कोत 1970च्या दशकात स्त्रियांना आणि गौरेतर पुरुषांना एकाहून अधिक ओळखपत्रे मागून दारातूनच परतवले जाई, आणि त्याविरुद्ध समलिंगी कार्यकर्त्यांनीच निदर्शने केली. ज्याने आत रात्रभर नृत्य केले त्याच्या आत्मकथनात ती जागा मुक्तीचे घर ठरेल. परत गेलेल्याला पुस्तक लिहायला कोण सांगणार?

मुग्धा:
हा आक्षेप सरसकट सर्व आत्मकथनांना लागू पडत नाही. हा लेखक बारचा भाट नाही. गर्दीत आपल्या वंशाकडे आणि शरीराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे तो लिहितो, आणि आपण या जागांवर खरोखर प्रेम करत होतो का, असा प्रश्न स्वतःलाच विचारतो. असा अवघडलेपणा सरकारी दफ्तरात सापडणार नाही.

अस्लम:
माझी तक्रार वेगळी आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा 2006पासूनच्या सुमारे दहा वर्षांत लंडनमधील अशा जागा 58 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. वाढती भाडी आणि जुन्या इमारती पाडून होणारी नवी बांधकामे यांचा त्यात मोठा वाटा होता. आत्मकथनात मात्र बार बंद झाल्याचे दुःख आणि स्वतःचे तारुण्य सरल्याचे दुःख इतके एकजीव होते की, भाडेवाढ हा राजकीय प्रश्न आहे हे वाचकाच्या लक्षातच येत नाही. (गद्य सुंदर असेल तर हा धोका अधिकच.)

मुग्धा:
आठवणींचा राजकीय उपयोगही होतो, अस्लमभाई. लंडनच्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्नवर 1987 साली, एड्सच्या भीतीने रबरी हातमोजे घालून आलेल्या पोलिसांनी छापा घातला होता. तीच इमारत बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेल्यावर तिथे येणाऱ्या लोकांनी आणि कलावंतांनी मोहीम चालवली, आणि 2015 साली तिला वारसावास्तूचा दर्जा मिळाला. तो दर्जा देताना वास्तुकलेइतकेच तिथल्या समाजजीवनालाही महत्त्व दिले गेले, आणि समाजजीवनाचा पुरावा आठवणींशिवाय कोठून आणणार? मुंबईतही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 लागू असताना कुलाब्याच्या व्हूडू पबमध्ये शनिवारी जमणाऱ्यांचा इतिहास त्या माणसांपाशीच आहे.

विनायक:
मान्य, पण मग अनेकांच्या मुलाखती घेऊन त्या जतन कराव्यात. एका कसलेल्या लेखकाच्या रात्रींवर साऱ्यांचा इतिहास सोपवू नये. कुलाब्यात राहणाऱ्याची शनिवारची आठवण आणि विरारची शेवटची लोकल गाठण्यासाठी अर्ध्यातून उठणाऱ्याची आठवण एकच असणार नाही, आणि त्या दुसऱ्या माणसाचे आत्मकथन मला अद्याप वाचायला मिळालेले नाही.