मातेराझ्झी म्हणजे फक्त झिदानचं डोकं का?

निळीकाळी जर्सी (धागालेखक)

इटलीचा डिफेंडर मार्को मातेराझ्झी याचं नाव काढा, दहातले नऊ जण एकच सांगणार, २००६ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानने ज्याच्या छातीत डोकं घातलं तो ना. संपलं. मला हे अजिबात पटत नाही म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. २००६ चा वर्ल्डकप इटलीला मिळवून देण्यात या माणसाचा वाटा कॅप्टन कान्नावारोच्या खालोखाल आहे, आणि त्याला ते श्रेय कधीच मिळालं नाही.

जरा मागून सुरू करतो. जन्म १९७३ चा, लेच्चेमधला. वडील ज्युसेप्पे मातेराझ्झी स्वतः खेळलेले, नंतर कोच, लाझिओचेसुद्धा कोच होते. एवढं घर फुटबॉलचं पण पोराला काही आयतं मिळालं नाही, मार्साला, त्रापानी असल्या सिसिलीतल्या छोट्या टीम्समधून खालच्या डिव्हिजनला खेळत खेळत वर आला, मग पेरुजा, मधे कार्पीला लोनवर, मग एक सीझन इंग्लंडमध्ये एव्हर्टन आणि परत पेरुजा. आणि मग २०००-०१ चा सीझन, सेंटर बॅक असून सेरी आ मध्ये (इटलीची अव्वल लीग) १२ गोल!! पासारेलाचा ११ गोलांचा डिफेंडरचा रेकॉर्ड मोडला. त्यात पेनल्टी बऱ्याच होत्या मान्य, पण पेनल्टी घ्यायला टीम कुणाच्या हातात बॉल देते हे पण बघा ना. त्याच वर्षी इटलीकडून पहिली मॅच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मालदिनी किंवा नेस्ता या इटलीच्याच डिफेंडरांसारखं कोवळ्या वयात कुणी उचलून धरलं नव्हतं याला.

पुढे मिलानच्या इंटर क्लबमध्ये दहा वर्षं. पाच लीग, चार कोपा इटालिया, २०१० ची चॅम्पियन्स लीग. २००७ ला ज्या मॅचमध्ये इंटरने लीग पक्की केली त्या सिएनाविरुद्धच्या मॅचमध्ये दोन्ही गोल याचे.

आणि वर्ल्डकप. चेक रिपब्लिकविरुद्ध १७ व्या मिनिटाला नेस्ता जखमी होऊन बाहेर, हा आत, नऊ मिनिटांत तोत्तीच्या कॉर्नरवर हेडर आणि गोल. सेमीफायनलला डॉर्टमुंडमध्ये यजमान जर्मनीला एक्स्ट्रा टाइम धरून १२० मिनिटं एकही गोल करू दिला नाही. फायनलला गोल, शूटआउटमध्ये पेनल्टी पण मारली. त्या स्पर्धेत इटलीकडून दोनपेक्षा जास्त गोल कुणाचेच नाहीत, दोन करणारे फक्त दोघं, एक लुका तोनी आणि दुसरा मातेराझ्झी. तोनी स्ट्रायकर होता हे वेगळं सांगायला नको.

बोला आता.

मधली फळी

असहमत. पूर्ण असहमत.

तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे पण जे गाळलंय ते पण खरंच आहे ना. एव्हर्टनच्या त्या एकाच सीझनमध्ये किती वेळा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला ते का नाही लिहिलं? २००४ मध्ये सिएनाच्या चिरिल्लोला मॅच संपल्यावर टनेलमध्ये जाऊन मारलं, ओठ फुटला त्याचा, आणि मातेराझ्झी त्या दिवशी खेळत पण नव्हता! दोन महिन्यांची बंदी लागली. २००६ ला चॅम्पियन्स लीगमध्ये व्हियारेयालच्या सोरिनला कोपर मारलं. हे एकदा रागाच्या भरात झालं असं म्हणता येत नाही, हा पॅटर्न आहे.

आणि ज्या वर्ल्डकपचं कौतुक चाललंय त्यातच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० व्या मिनिटाला थेट लाल कार्ड, ब्रेशियानोला पाडलं म्हणून. अर्धी मॅच इटली दहा जणांवर खेळली, शेवटच्या मिनिटाला तोत्तीची पेनल्टी मिळाली नसती तर दहा जणांनी एक्स्ट्रा टाइम काढावा लागला असता. मग बंदीमुळे युक्रेनविरुद्धची क्वार्टरफायनल बाहेर बसून. इटलीने अख्ख्या स्पर्धेत दोन गोल खाल्ले, एक झाकार्दोचा स्वतःच्याच जाळ्यात मारलेला आणि दुसरा फायनलमधली पेनल्टी. ती पेनल्टी कुणामुळे? फ्रान्सच्या मलुदाला कुणी पाडलं सातव्या मिनिटाला?

डिफेंडरचं काम गोल वाचवणं. गोल मारणं हा बोनस.

निळीकाळी जर्सी

ऑस्ट्रेलियाविरुद्धचं लाल कार्ड कडकच होतं, त्यावर आजही वाद आहे. पिवळं पुरलं असतं. मलुदाला धक्का लागला की नाही हे रिप्ले दहा वेळा बघून पण ठरत नाही. आणि गंमत बघा, ऑस्ट्रेलियाच्या मॅचचा रेफरी स्पेनचा मेदिना कान्तालेहो, तोच माणूस फायनलला चौथा पंच होता आणि झिदानचं डोकं मारणं त्यानेच बघून मुख्य रेफरी एलिझोंडोला सांगितलं. म्हणजे मातेराझ्झीवर मेहेरनजर करणारा माणूस तो नक्कीच नव्हता.

तिसरी घंटा

मी फुटबॉल नेहमी बघते असं नाही पण ती फायनल पूर्ण पाहिली होती, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली होती आणि तो प्रकार झाला तेव्हा दोन वाजत आले होते. वरच्या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

मातेराझ्झीने नंतर स्वतः सांगितलं काय झालं ते. त्याने झिदानची जर्सी ओढली, झिदान म्हणाला हवी असेल तर नंतर देतो, त्यावर हा म्हणाला की मला जर्सीपेक्षा तुझी बहीण बरी. हे मैदानावर चालतंच, सगळे बोलतात, त्यात काय एवढं, असं लोक सहज म्हणतात आणि मला त्याचाच राग येतो. भांडण दोन पुरुषांचं, जर्सी एकाची, हात दुसऱ्याचा, आणि अपमान कुणाचा तर जी तिथे नाहीच त्या बाईचा. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटपासून बर्लिनच्या फायनलपर्यंत हेच. झिदानने डोकं मारलं ते चूकच, त्याला लाल कार्ड मिळालं ते बरोबरच. पण बोलणाऱ्याला नुसता बळी ठरवू नका. फिफाने पण नाही ठरवलं, झिदानला तीन मॅचची बंदी तर याला पण दोन मॅचची आणि पाच हजार स्विस फ्रँक दंड. निव्वळ बोलण्यासाठी.

तेव्हा त्याच्यावर आई काढल्याचा आणि वंशद्वेषी बोलल्याचा पण आरोप झाला होता, तो मात्र खोटा होता. त्याची स्वतःची आई तो लहान असताना गेली, आई त्याच्यासाठी पवित्र आहे असं तो म्हणाला होता आणि ते मला मनापासून वाटलं. ब्रिटिश पेपरांनी नंतर माफी मागून नुकसानभरपाई दिली. जे बोलला नाही त्याचं खापर त्याच्यावर नको. जे बोलला ते मात्र विसरायचं नाही.

मधली फळी

+१. तिसरी घंटा यांनी नेमकं लिहिलंय.

निळीकाळी जर्सी

ताई, ते बोलणं घाणेरडं होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या एका वाक्यावर वीस वर्षांचं करिअर मोजलं जातंय. त्या डोकं मारण्याच्या प्रसंगाचा पाच मीटर उंच ब्राँझचा पुतळा झाला, पॅरिसला पाँपिदू सेंटरसमोर लागला, मग दोह्यात समुद्रकिनारी लागला, तिथे लोकांनी विरोध केल्यावर काढला, २०२२ च्या वर्ल्डकपच्या वेळी परत लावला. त्याने फायनलमध्ये मारलेल्या गोलचा कुठे काय आहे?

तिसरी घंटा

पुतळा त्याने केलेला नाही हे मान्य. पण "एक वाक्य" असं म्हणून ते छोटं करू नका एवढीच विनंती.

कातेनाचो

चर्चा स्वभावावर गेली, खेळावर या जरा.

१.९३ मीटर उंची, डावखुरा, हवेत जबरदस्त. डाव्या पायाने मागून लांब तिरपा पास टाकायचा ते कमी सेंटर बॅकना जमायचं तेव्हा. सेट पीसला (कॉर्नर, फ्री किक) दोन्ही बॉक्समध्ये उपयोगी. हे झालं चांगलं. कमजोरी म्हणजे वळायला वेळ लागायचा, आणि वेगवान फॉरवर्ड समोर मोकळ्या जागेत आला की हा आधी पाय टाकायचा. नेस्ता थांबायचा, बघायचा, शेवटच्या क्षणी बॉल काढायचा आणि कपड्याला माती लागायची नाही. मातेराझ्झी आधीच जमिनीवर. यातून ती सगळी कार्डं आली असं माझं मत आहे, निव्वळ दुष्टपणातून नाही. ज्याच्याकडे पायात वेग नाही तो अंगाने खेळतो.

२००२ ला पण नेस्ता क्रोएशियाविरुद्ध जखमी झाला होता, तेव्हा पण हाच आत आला आणि इटली १-२ हरली, बचाव पार विस्कटला होता. २००८ च्या युरोत कान्नावारो स्पर्धेच्या आधीच जखमी, पहिल्याच मॅचला हॉलंडने ३-० धुतलं, मातेराझ्झीला मधेच बाहेर काढलं. म्हणजे शेजारी कान्नावारो असला की हा उत्तम, एकट्याने बचाव सांभाळायचा म्हटलं की अडचण. थोर डिफेंडर शेजाऱ्याला मोठं करतो, हा शेजाऱ्यामुळे मोठा झाला. इटलीकडून ४१ मॅच हा आकडा मला योग्यच वाटतो, अन्याय वगैरे नाही.

फोंडेकर

मी एफसी गोवाचा माणूस त्यामुळे मातेराझ्झी या नावाशी माझं वैर बर्लिनचं नाही, फातोर्ड्याचं आहे.

२० डिसेंबर २०१५, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, आमच्या घरच्या मैदानावर, आमचा कोच झिको आणि चेन्नईयिनचा कोच मातेराझ्झी. आमचा गोलकीपर कट्टीमनीने त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या, पहिलीच्या रिबाउंडवर त्यांच्या पेलिसारीने गोल मारला पण आमच्या हाओकिपने लगेच बरोबरी केली, ८७ व्या मिनिटाला आमच्याच जोफ्रेने फ्री किकवर २-१ केलं आणि स्टेडियम असं उसळलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नव्वदाव्या मिनिटाला बॉल आमच्याच जाळ्यात, आणि दोन मिनिटांनी त्यांच्या मेंडोझाचा गोल. २-३. खेळ खल्लास. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते ते बराच वेळ उठलेच नाहीत.

त्यामुळे मला तो आवडणं शक्य नाही. पण शेवटच्या मिनिटाला पिछाडीवर असलेली टीम अशी तुटून पडते ती कोचमुळे. हे मी गोव्याचा असून लिहितोय.

बालेवाडी गेट

फोंडेकर भाऊ, त्याच्या आधीची सेमीफायनल आम्ही पुण्यात पाहिली! चेन्नईला पूर आला होता म्हणून चेन्नईयिनची घरची मॅच बालेवाडीला हलवली, कोलकात्याला ३-० ने हरवलं. घर नाही, स्वतःचे प्रेक्षक नाहीत, गावात पाणी भरलंय आणि टीम परक्या शहरात येऊन असं खेळते. त्याच सीझनमध्ये मधे कधीतरी टेबलात तळाला होते ते.

आणि आपल्या मुंबईचा जयेश राणे त्याच टीममध्ये घडला. स्ट्रायकर जेजे तर होताच. आयएसएलमध्ये तेव्हा बरेच परदेशी कोच मोठ्या नावांवर टीम चालवायचे, याने भारतीय पोरांना खेळवलं. याला मी करिअरचाच भाग धरतो, फक्त इंटर आणि वर्ल्डकप नाही.

मधली फळी

कोच म्हणून २०१५ चं श्रेय देतो. पण मग २०१४ पण सांगा ना, प्लेयर-मॅनेजर होता, केरळाविरुद्ध सेमीफायनलच्या दुसऱ्या लेगला टीम ३-० ची पिछाडी भरून काढायला उतरली होती आणि कोच स्वतःच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. वय ४१. टीमने ३-० भरून काढलं आणि एक्स्ट्रा टाइममध्ये एका गोलने हरली. पूर्ण अकरा जण असते तर? २०१६ ला गतविजेते असून सेमीफायनल पण गाठता आली नाही, आणि मग गेला सोडून.

हाच माझा मुद्दा पहिल्यापासून. जिथे डोकं थंड ठेवायची सगळ्यात जास्त गरज तिथेच हा सुटायचा, आणि किंमत बाकीच्या दहा जणांनी मोजायची.

निळीकाळी जर्सी

त्याच स्वभावाची दुसरी बाजू पण बघा. ५ मे २००२, शेवटच्या दिवशी लाझिओकडून ४-२ हरून इंटरची लीग गेली, हा मैदानातच रडत लाझिओच्या खेळाडूंना म्हणत होता की मी तुम्हाला लीग जिंकून दिली होती. आणि खरंच, २००० साली पावसात पेरुजाने युव्हेंटसला १-० हरवलं म्हणूनच लाझिओ चॅम्पियन झाले होते, आणि हा तेव्हा पेरुजात होता. २०१० ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलनंतर कोच मोरिन्हो इंटर सोडून निघाला तेव्हा माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमबाहेर दोघं भिंतीपाशी गळ्यात गळा घालून रडले, सदतिसाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस, ज्याला त्या फायनलमध्ये फक्त अगदी शेवटचे काही क्षण मिळाले होते. एवढं कमी खेळायला मिळाल्यावर बाकीचे कोचशी भांडतात.

कातेनाचो

अश्रूंवरून डिफेंडर मोजता येत नाही राव. २००५ च्या इंटर-एसी मिलान डर्बीत फ्लेअर्सच्या धुरात मिलानच्या रुई कोस्ताच्या खांद्यावर हात टेकवून उभा असलेला त्याचा फोटो मला पण आवडतो, माझ्या फोनवर आहे. पण प्रश्न तुम्ही विचारलात की वर्ल्डकपमध्ये कान्नावारोच्या खालोखाल कोण. मी म्हणेन गोलकीपर बुफॉन, मिडफिल्डर पिर्लो, मग बाकीचे. आणि नेस्ता फिट असता तर मातेराझ्झी सात मॅच बेंचवर बसला असता आणि इटली तरीही जिंकली असती.

निळीकाळी जर्सी

इथेच तर चुकतंय तुमचं. नेस्ता जास्त चांगला डिफेंडर होता, हजार वेळा मान्य. पण फायनलला झिदानच्या पेनल्टीनंतर इटली ०-१ मागे होती आणि नंतर १२० मिनिटांपर्यंत इटलीला ओपन प्लेमधून (म्हणजे कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी सोडून) एकही गोल करता आला नाही. जो एक गोल आला तो १९ व्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर, विएराच्या डोक्यावरून उडी मारून हेडर. नेस्ता इटलीकडून ७८ मॅच खेळला, त्यात गोल शून्य. त्या कॉर्नरला त्या जागी नेस्ता असता तर तो हेडर कुणी मारला असता, एवढं फक्त सांगा मला.