मदत हवी आहे: युव्हायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या सुजेत) बाहुली भिंगाला चिकटली आहे, थेंबांनी सुटेल का?

प्रश्न (चष्मेघर): रुग्ण पन्नाशीचा. उजव्या डोळ्यात अँटिरियर (पुढच्या भागातला) युव्हायटिस, आज पाचवा दिवस. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का (स्टेरॉइडचे थेंब) दर तासाला, होमॅट्रोपिन २ टक्के (बाहुली मोठी करणारे थेंब) दिवसातून तीनदा. लाली, दुखणं निम्म्यावर आलंय, पण बाहुली एका बाजूने कुरतडलेल्या बिस्किटासारखी उघडते. स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) घड्याळाच्या ४ ते ७ वाजताच्या जागी आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) भिंगाला चिकटलेली, बाकी मोकळी. डोळ्याचं प्रेशर १४, म्हणजे ठीक. बीपीची गोळी चालू आहे. इथे सर्जन आठवड्यातून एकदाच येतात, त्यांना फोनवर कळवलंय. त्यांना नेमकं काय सुचवू? ॲट्रोपिनवर (बाहुली जास्त दिवस मोठी ठेवणारं औषध) जावं का?

प्रतिसाद (निळीबाहुली): पाचवा दिवस म्हणजे अजून आशा आहे. सुरुवातीला आयरिस फायब्रिनने (सुजेत पाझरणारं चिकट प्रथिन) चिकटते, ओल्या डिंकासारखी. आठवडे गेले की तिथे तंतू धरतात, मग थेंब हरतात. म्हणून सर्जनच्या पुढच्या फेरीची वाट पाहू नका, आजच बोला.

क्लिनिकमध्ये असं करतात: दहा मिनिटं कोमट शेक, मग डोळा बधिर करणाऱ्या प्रोपॅराकेनचा एक थेंब. त्याने चुरचुर थांबते आणि पुढचं औषध आतही चांगलं मुरतं. नंतर ट्रोपिकामाइड ०.८ आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के एकत्र असलेला, बाहुली मोठी करणारा थेंब, दहा-दहा मिनिटांनी तीनदा. आधी बीपी मोजा, आणि प्रत्येक थेंबानंतर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. १० टक्के फिनाइलेफ्रिन या रुग्णाला नकोच. एवढ्याने हललं नाही तर त्याच औषधात भिजवलेला गव्हाच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा खालच्या पापणीच्या आत थोडा वेळ ठेवतात; हे मात्र सर्जनच्या देखरेखीखालीच. बोळा काढायला विसरू नका. हसू नका, विसरतात.

ॲट्रोपिनबद्दल: त्याचा असर आठवडाभर, कधी जास्तही राहतो. सूज चालू असताना बाहुली इतके दिवस ताणून एकाच जागी ठेवली तर ती मोठ्या आकारातच चिकटू शकते. फायब्रिन खूप असेल तर थोडे दिवस देतात, पण एरवी बाहुली हलती राहिलेली बरी. होमॅट्रोपिन ठीक आहे.

प्रतिसाद (ड्रॉपरवाला): आधी बाटली तपासा. प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे सस्पेन्शन आहे, पांढरी पूड तळाशी बसते. न हलवता घातलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटी दाट गाळ. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतात त्यातले बरेच रुग्ण बाटलीच हलवत नसतात. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

चष्मेघर: धन्यवाद. बाटली हलवत नव्हते, आत्ताच विचारलं! सुटलं हे ओळखायचं कसं?

निळीबाहुली: बाहुली गोल होते आणि भिंगावर तपकिरी ठिपके उरतात. ते आयरिसचे रंगकण, चिकटलेली आयरिस नव्हे. सुटताना हे कण पुढच्या कप्प्यातही तरंगतात. त्यांना सुजेच्या पांढऱ्या पेशी समजून स्टेरॉइड वाढवू नका. केसपेपरवर घड्याळ काढून चिकटलेल्या जागा रोज खुणा करा.

सूज उतरली तरी स्टेरॉइड एकदम थांबवायचं नाही. सर्जन ठरवतील तसं साधारण आठवड्याला एक पायरी, पाच-सहा आठवडे. मधूनमधून प्रेशर बघा, स्टेरॉइडने चढतं. आणि सकाळी पाठ-कंबर आखडते का ते विचाराच. हो म्हणाले तर एचएलए बी-२७ ची (पाठीच्या सांध्यांच्या सुजेशी जोडलेला जनुकीय घटक) रक्ततपासणी सुचवा.

प्रतिसाद (कोनमापी): एकच भीती लक्षात असू द्या. चिकटणं पूर्ण वर्तुळभर झालं की मागचं पाणी पुढे येत नाही, आयरिस शिडासारखी फुगते. पुढचा कप्पा मधोमध खोल पण कडेला उथळ दिसतो, प्रेशर उसळतं, डोकं दुखतं, उलटी होते. त्या रात्रीच डोळ्याच्या मोठ्या रुग्णालयात न्या, लेझर इरिडोटॉमी (लेझरने आयरिसला छिद्र) लागते. सुजलेल्या डोळ्यात ते छिद्र पुन्हा बुजू शकतं, म्हणून कधी शस्त्रक्रियेनेच करतात. प्रेशर चढलंय म्हणून कुणी पिलोकार्पिन सांगितलं तर थांबवा. ते बाहुली आणखी आवळतं.

थेंबांनी न सुटलेलं थोडंसं चिकटणं उरलं आणि नजर, प्रेशर ठीक असेल तर ते तसंच सोडतात. पुढे मोतीबिंदू काढायची वेळ आली तर साधारण तीन महिने डोळा शांत ठेवून, त्याच शस्त्रक्रियेत स्पॅच्युलाने सोडवतात.