मदत हवी आहे: लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. परवा माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि दहा मिनिटांत वरचा ओठ टम्म सुजला, पोटावर, मांड्यांवर लालबुंद गांधी उठल्या, खोकला थांबेना. दवाखान्यात लगेच ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून निभावलं.

मला कळेना, आधी खाल्लं तेव्हा काहीच कसं झालं नाही? डॉक्टरांनी समजावलं: आधीच्या खाण्यात शरीरानं त्या प्रथिनाला शत्रू ठरवून आयजीई नावाची प्रतिपिंडं (शत्रूला ओळखणारी प्रथिनं) बनवली. ती त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, मग सूज, खाज, धाप.

आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही, आणि पांढऱ्या रश्श्यात काजू, तीळ. त्यांचीही तपासणी करून घ्यावी का? त्वचेवर टोचून करायच्या तपासणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात म्हणे. इतक्या लहान मुलांची कुणी केली आहे का? की रक्ताची पुरे?

सासूबाई म्हणतात, थोडं थोडं देऊन सवय लाव. घरच्या घरी तसं मी करणार नाही. पण शाळेतल्या डब्यांचं काय करता? बाईंना काय सांगून ठेवता? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.