विरोधी हिंसा: श्रावकाला दिलेली सूट की त्याचा नाइलाज?

कृष्णाकाठ
सर्वांना जय जिनेंद्र. आमचे घर शिरोळ तालुक्यातले, दिगंबर जैन, पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर चाललेले. पुतण्याची लष्करात निवड झाल्यामुळे घरात आनंद आहे, फक्त माझ्या आईच्या मनात एक अढी आहे. ती आजही पाणी गाळूनच घेते, फडक्यात अडकलेले जीव परत जावेत म्हणून ते ज्या पाण्यातून घेतले त्याच पाण्यात हळूच खळबळते आणि दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. गेल्या महिन्यात आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. बाहुबलींच्या पायाशी कोरलेली ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ पुतण्याने मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “आजी, हा चावुंडराय सेनापतीच होता.” आई तेव्हा काही बोलली नाही. परतताना मात्र तिने मला विचारले, “त्याने एवढी मूर्ती करवली म्हणून त्याच्या लढाया माफ झाल्या का?” मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे.

स्वाध्यायी
चावुंडराय म्हणजेच चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती आणि जैन आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा शिष्य; तलवार आणि स्वाध्याय या दोहोंत त्याला विसंगती वाटली नसावी. त्याच ठिकाणी ‘श्रीगंगराजें सुत्ताले (मूर्तीभोवतीचा आवार) करवियलें’ ही ओळही आहे आणि तो गंगराजही होयसळांचा सेनापतीच. अहिंसेच्या त्या पायरीवर आपली जुनी मराठी दोन सेनापतींची नावे सांगत उभी आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

आता मूळ मुद्दा. अहिंसादी व्रते मुनी पूर्णपणे पाळतात ती महाव्रते; श्रावक, म्हणजे गृहस्थ, मर्यादेत पाळतो ती अणुव्रते. गृहस्थाची हिंसा संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी चार प्रकारची सांगतात. त्यांपैकी जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा त्याने पूर्णपणे सोडायची असते. चूल (आरंभी), शेती (उद्योगी) आणि आक्रमणाचा प्रतिकार (विरोधी) यांत घडणारी हिंसा त्याने शक्य तितकी कमी करायची असते. सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या यशस्तिलक या ग्रंथात शेतकरी आणि कोळी यांचा दृष्टांत आहे: नांगराखाली असंख्य जीव मरूनही शेतकऱ्याला जे पाप लागत नाही, ते जाळे टाकून बसलेल्या कोळ्याला एकही मासा न मिळता लागते, कारण भेद हेतूचा आहे. तेच सोमदेव राजाला सांगतात, की जो रणात शस्त्र घेऊन समोर आला किंवा जो आपल्या राज्याला काट्यासारखा सलतो, त्याच्यावरच शस्त्र चालवावे. दीन, दुबळ्या आणि सद्भावाच्या माणसांवर कधीही चालवू नये. आईंना सांगा, आपण पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला तेव्हाही हाच नियम आपल्याला लागू होता.

आगमवाचक
वरील उत्तर बरोबर असले तरी ते फार लवकर मोकळे करते. ‘विरोधी हिंसा’ हा शब्द हाती आला की अनेकांना परवाना मिळाल्यासारखे वाटते. परंतु श्रावक ती सोडू शकत नाही असे म्हणणे वेगळे आणि ती हिंसाच नव्हे असे म्हणणे वेगळे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या श्रावकाचाराच्या ग्रंथात स्पष्ट बजावले आहे, की या एकाला मारल्याने अनेकांचे रक्षण होईल असे मानून हिंस्र प्राण्यांचीही हिंसा करू नये. तो श्लोक प्राण्यांविषयी आहे हे मान्य. पण युद्धाच्या बाजूने जो युक्तिवाद सर्वांत आधी ओठांवर येतो, तोच त्यात नाकारला आहे.

श्वेतांबर आगमांतील (धर्मग्रंथांतील) भगवतीसूत्रात तर महावीरांचे शिष्य गौतम त्यांना थेट विचारतात, की रणात पडलेले स्वर्गात जातात असे लोक म्हणतात, ते खरे का? महावीर ते नाकारतात. तिथेच वरुण नावाच्या श्रावकाची कथा येते. त्याला रथमुसल युद्धात उतरावे लागते, परंतु जो आधी प्रहार करील त्याच्यावरच आपण प्रहार करू, असा त्याचा नियम असतो. प्रतिस्पर्ध्याचा बाण लागल्यावरच तो आपला बाण सोडतो, मग रणांगणातून बाजूला जातो, घोडे सोडून देतो, दर्भाच्या आसनावर बसून व्रते घेतो, अंगातला बाण काढतो आणि समाधिमरण (व्रतस्थ राहून शांत चित्ताने मरण) पत्करतो. त्याला मिळालेली चांगली गती त्या शेवटच्या बैठकीची आहे, लढाईची नाही. लोकांनी मात्र तो रणात पडला म्हणून स्वर्गात गेला असे धरून चालले, हेही तिथेच सांगितले आहे.

माजी सुभेदार
मी विद्वान नाही. नोकरीत असताना जमेल तेव्हा सामायिक (काही काळ समभावाने ध्यानस्थ बसणे) करीत असे आणि कांदा-लसूण मात्र लष्कराच्या लंगरात सुटला नाही, हे आधीच कबूल करतो. वरुणाचा नियम मला नवा वाटला नाही, कारण ‘आपणहून गोळी झाडायची नाही’ असा हुकूम अनेक रात्री आम्ही पाळला आहे. तो पाळणे गोळी झाडण्यापेक्षा अवघड असते. आपल्या आईंनी नातवाला जाऊ नको म्हणू नये. सुट्टीवर आला की त्याच्याशेजारी प्रतिक्रमणाला, म्हणजे घडलेल्या दोषांची आठवण करून पश्चात्ताप करायला, बसावे.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. वरुणाची कथा काल आईला वाचून दाखवली. तिने एवढेच विचारले, की त्याने घोडे आधी सोडले की बाण आधी काढला. घोडे आधी, असे सांगितल्यावर तिने मान हलवली आणि पुतण्याच्या ट्रंकेत ठेवण्यासाठी गाळण्याचे नवे फडके कापायला घेतले.