तालमीतल्या पोराला दम कसा धरायला लावायचा?

सांगलीची_आई:
नमस्कार मंडळी. पोरगा बारा वर्षांचा, दिवाळीनंतर कोल्हापुरात तालमीत ठेवलाय, त्याच्याच हट्टानं. आता फोनवर रोज एकच रडगाणं, वस्ताद नुसते जोर-बैठका काढून घेतात, हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती उकरायला लावतात, लढत लावतच नाहीत, डाव म्हणून एकेरी पट, म्हणजे खाली घुसून समोरच्याचा एक पाय धरायचा, तेवढा दाखवलाय. मोबाईलवर ढाक, कलाजंग असले डाव सगळे बघतो ना, मग त्याला वाटतं आपल्याला कुणी शिकवतच नाहीये. घरी आणू का दुसरी तालीम बघू?

लाल_माती:
ताई, आणू नका. माती उकरणं हीपण मेहनतच आहे, फावड्यानं खांदा, कंबर, पंजा तयार होतो आणि माती मऊ असली तरच आपटल्यावर लागत नाही. लढत उशिरा लावतात ते मानेसाठी. पटात घुसलं आणि समोरच्यानं वरनं भार टाकला की सगळा ताण मानेवर येतो, कच्च्या मानेचं पोर जायबंदी होऊ शकतं. मान-खांदा भरला की वस्ताद स्वतःच त्याच्या तोडीचा जोड लढायला बघतील. आणि दम धरणं हे कुस्तीतच लागतं हो, निकाली कुस्तीला घड्याळ नसतं, चितपट होईपर्यंत चालू, घाईनं अंगावर जाणारा आधी दमतो आणि समोरचा नेमकी त्याचीच वाट बघत असतो.

कराडकर:
वरच्या दादांशी सहमत. त्याला आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं सांगा. 1948 ला लंडन ऑलिम्पिकला सहावे आले, मातीतला पैलवान, मॅटची सवय नव्हती. पुढची चार वर्षं मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

ज्युदोवाली_पुणे:
मी ज्युदो शिकवते, आमच्याकडंही आधी फक्त पडायला शिकवतात, पोरं कंटाळतातच. पण एक सांगू का, हे का करायचं ते पोराला कुणीतरी नीट सांगायला पाहिजे, नुसतं गप्प कर म्हटलं तर ते आतल्या आत कुढतं. आणि एकदा न सांगता पहाटेच्या मेहनतीला जाऊन बसा. वस्ताद पोरांकडं बघतात का, चुकलं तर हात धरून सुधारतात का, झोप-खुराक नीट आहे का, मारझोड तर नाही ना. यात खोट दिसली तर मात्र तालीम बदला, तिथं धीर धरायला सांगू नका.

सांगलीची_आई:
सगळ्यांचे आभार. मानेचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. या रविवारी पहाटेच पोचते, वस्तादांशीही बोलते. जाताना थंडाईचं सामान नेणार आहे, या वयाला रोज बदाम किती द्यायचे?